उन्हात घातलेल्या बेऱ्या

नंदुरबारच्या माणसाला मिरचीचा वास येत नाही. परगावचा पाहुणा हंगामात आमच्या स्टेशनावर उतरला की रिक्षात बसेपर्यंत शिंकत सुटतो आणि रिक्षावाले त्याला हसतात. गावाबाहेर पथाऱ्यांवर नजर पोहोचेल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असते. तिची धूळ आमच्या पिठात, पाण्यात, लेकरांच्या दप्तरात असते. आम्ही शिंकत नाही. मला याचा मोठा अभिमान होता. आता त्या अभिमानाला काडी लावावीशी वाटते.

माझा नवरा जब्बार पिंजारी मिरची मार्केटात मापाडी आहे. तोंडाने मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, शगुफ्ताचे अब्बा अशीच हाक मारते, पण लिहायला काय जातं? जब्बारच्या काट्यावर कधी वाद झाला नाही. पोत्यात मनगटापर्यंत हात घातला की मिरचीत किती ओल आहे ते त्यांना कळायचं. ओली मिरची वजनाला जास्त भरते, म्हणून काही लोक मुद्दाम पाणी मारून आणतात. असं पोतं जब्बार काट्यावरून उतरवायचे, मग मालक कितीही ओळखीचा असो. एक हात वर करायचे, म्हणजे थांबा. तो हात वर गेला की व्यापारीही गप्प बसायचे. आणि असल्या माणसाने अर्धं आयुष्य गालात तंबाखू धरली. दुसऱ्याच्या पोत्यातली ओल कळली, स्वतःच्या गालातलं कळलं नाही. मी भांडले, रडले, पुड्या चुलीत टाकल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

गालात गाठ निघाली. सुरतला ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाला. शेक म्हणजे ती मशीनची किरणं, तिकडे सगळे त्याला शेकच म्हणतात. शेकाने गाठीचं काय केलं ते अल्लाला ठाऊक, पण तोंडाची सालटी निघाली. जिभेला फोड, टाळूला फोड, ओठांच्या आत नुसतं लाल मांस. पाण्याचा घोट गिळताना हा माणूस भिंतीला मुठी मारायचा. अर्धा शेक झाल्यावर डॉक्टरांनी थोडे दिवस थांबायचं ठरवलं. जरा तोंडातल्या जखमा भरू द्या, म्हणाले, घरी जा, आणि दुसऱ्या सोमवारी या.

जाताना त्यांनी जब्बारना काट्यावर उभं केलं. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. याच्या खाली गेलात तर शरीराला शेक झेपणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. शेक मध्येच सुटला तर गाठ पुन्हा उठेल. तोंडाने पोटात जात नसेल तर नाकातून नळी घालू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, रोज कितीतरी लोकांना घालतो. हे बाजूला घेऊन सांगितलेलं जब्बारनी ऐकलंच. त्यांनी हात वर केला. थांबा.

नळीचं नाव काढायचं नाही, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेलं होतं. त्यांचे मोठे भाऊ फुरकान. त्यांनाही हेच दुखणं, तीच तंबाखू. नळी घातली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांना घरी आणलं ते कफनात. नळी घातली म्हणून भाऊ गेला नाही, तो फार उशिरा दवाखान्यात गेला म्हणून गेला, हे मी शंभरदा सांगितलं असेल. पण ज्याने गेलेल्या भावाच्या नाकातली नळी स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि मग त्याला आंघोळ घातली, त्याला मी काय समजावणार?

म्हणजे आता जे काही करायचं ते तोंडानेच, आणि तोंड तर बंद. मी पेज केली, वरणाचं पाणी केलं, खिमट केलं. दोन चमचे जायचे, तिसऱ्याला मान वळायची. मीठ लागायचं, भात टोचायचा, चव तर कशालाच नव्हती. माती खाल्ल्यासारखं वाटतं, असं ते खुणेने सांगायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडायचे आणि पुन्हा वाटी घेऊन यायचे.

तेव्हा शगुफ्ताचा फोन आला. आमची एकुलती लेक, सुरतेत उधन्याला दिलेली, तिथल्या एका जिममध्ये रिसेप्शनला बसते. जिममधल्या बाया रोज कसली कसली स्मूदी पितात, ती हिने नीट पाहून घेतली होती. केळं, साय काढलेलं दूध, भिजवलेले बदाम, खजूर, आणि त्यात परदेशी बेऱ्या. या बेऱ्यांना सुपरफूड म्हणतात, अम्मी, मूठभर घातल्या तरी अंगाला लागतात, असं म्हणत ती मला मोबाइलवर एकेक व्हिडिओ पाठवत सुटली. व्हिडिओतल्या बाईचं स्वयंपाकघर आमच्या घराएवढं होतं आणि तिच्या मिक्सरचा आवाजही येत नव्हता. मला राग आला. मरणाच्या दारात माणूस बसलाय आणि ही मला नखरे दाखवते, असं मी फोनवर बोलूनही गेले. पण बुडत्याला काडीचा आधार. पार्सल आलं तेव्हा पुडी फोडायला मीच पुढे होते.

दोन पुड्या होत्या. एकीत काळ्या सुकलेल्या ब्लूबेरी, दुसरीत लाल गोजी. या लाल बेऱ्या लांबट, सुरकुतलेल्या, बोटाला जराशा चिकट. आमच्या सासूबाई, अम्मा, त्यांनी उभी हयात पथारीवर मिरचीचे देठ खुडण्यात घालवली. आता डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी पुडी अगदी नाकाशी नेली आणि म्हणाल्या, ही तर आपली लवंगी, देठ खुडलेली. मी हसले. कितीतरी दिवसांनी घरात कोणी हसलं म्हणून जब्बारही माझ्याकडे बघत राहिले.

मी नवीन मिक्सर आणला, कारण जुन्या भांड्याच्या पात्याखाली वर्षानुवर्षांचा मसाला बसलेला. तेवढी अक्कल मला होती. बेऱ्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी बाकीच्यांबरोबर फिरवायच्या, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. साय, बी, साल काही राहू द्यायचं नाही. मग पहिला घोट मी घ्यायचा. गरम नाही ना, आंबट नाही ना, टोचत नाही ना. मी घोट घ्यायचे, जब्बार माझ्या तोंडाकडे बघायचे, मी मान हलवली की ते पेला घ्यायचे.

आणि ते प्यायले. खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी अर्धा पेला, दुसऱ्या दिवशी पूर्ण, मग सकाळ-संध्याकाळ. त्यांच्या तोंडाला थंड लागायचं, चव कळायची नाही पण टोचायचंही नाही. बेऱ्यांचा गुण की केळ्याचा की बदामाचा, मला कर्तव्य नव्हतं. मी व्हिडिओतल्या त्या परदेशी बाईला मनातल्या मनात दुवा दिली. शेजारच्या तुळशीबाईला घरी बोलावून पुडी दाखवली. बन्सीलालच्या किराणा दुकानात पोती मोजायचा काटा आहे, त्यावर जब्बार स्वतःहून चालत जाऊन उभे राहिले. अठ्ठेचाळीसच्या थोडं वर. परत येताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. ती मी दिली नाही, पण त्यांनी मागितली हे मला पुरेसं होतं.

मग चाँद दिसला आणि रमजान लागला.

घरात रोजे मीच धरते. जब्बारना आजारपणाची सूट, अम्मांना वयाची. मी पहाटे सहेरी केली, नियत केली आणि कामाला लागले. आजाऱ्यासाठी स्वयंपाक करणाऱ्या बाईने जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर रोजा तुटत नाही, हे मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलेलं. पण पहिला रोजा, उगाच मनात शंका कशाला, असं मी म्हटलं. इतके दिवस तेच साहित्य, तोच मिक्सर, त्यात आज काय वेगळं असणार? बेऱ्या आज जरा कडक लागल्या हाताला, नीट फुगल्या नव्हत्या. मी म्हटलं, हवा कोरडी आहे. फिरवलं, दोनदा गाळलं, पेला भरला. रंग नेहमीपेक्षा सुरेख आला होता.

जब्बारनी सवयीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी रोजा असल्याची खूण केली आणि मान हलवली. न चाखता मान हलवली. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

त्यांना ओरडता येत नाही. ओरडण्यासाठी तोंड उघडावं लागतं. घशातून एक आवाज आला, पाय अडकलेल्या बैलाच्या आवाजासारखा, आणि पेला फरशीवर आपटला. ते मोरीकडे धावले, नळाखाली तोंड धरलं, पाण्याने आग जास्तच पसरली. मी दूध ओतलं, तूप चोपडलं. ते दोन्ही हातांनी स्वतःचे गाल धरून मोरीत उकिडवे बसले आणि अंग नुसतं थरथरत होतं. ओठांतून रक्त आलं. मी काय झालं, काय झालं एवढंच विचारत होते आणि माझ्या नाकाला कसला म्हणून वास येत नव्हता.

अम्मांनी फरशीवर सांडलेल्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्यांचा चेहराच उतरला. त्या गच्चीचा जिना चढल्या, आणि खाली आल्या तेव्हा त्यांच्या ओच्यात आमची वर्षाची लवंगी होती. ती गच्चीवर वाळत पडली होती. तिच्याच शेजारी, त्याच चादरीवर, त्यांनी माझ्या बेऱ्या वाळत घातल्या होत्या.

“ओली व्हती वं अमिना,” त्या म्हणाल्या. “बुरशी धरी लेती. म्हनीसन मी ऊनमा टाकी दिधी.”

पुडीत हात घातला, हाताला चिकट लागलं, आणि उभ्या जन्माची सवय जागी झाली. नंदुरबारात लाल वस्तू हाताला ओली लागली की ती उन्हात घालायची, नाहीतर काळी पडते आणि सगळा ढीग नासवते. इथलं लहान पोरही हेच करील. लेकाचं औषध नासायला नको म्हणून त्यांनी ते आदल्या दिवशी गच्चीवर नेलं, दुपारभर राखण बसल्या, पाखरं हाकलली, आणि संध्याकाळी अंधुक डोळ्यांनी ते पुन्हा पुडीत भरलं. त्यात मुठीने लवंगी गेली. देठ खुडलेली, बोटाच्या पेराएवढी, वाळून तशीच लाल झालेली.

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. एवढं सांगते, की तुमच्या हाताने तुम्ही लेक जाळला, असं मी म्हणाले. म्हातारी जिन्यात बसून राहिली. मला दया आली नाही. दया यायला मन जागेवर लागतं, आणि माझं मन त्या मोरीत उकिडवं बसलं होतं. चाखणं माझं काम होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर मी जास्त ओरडले.

त्या दिवसापासून जब्बारनी तोंड मिटलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते, भांडले असते. वाटी पुढे केली की त्यांचे ओठ आपोआप घट्ट मिटायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं, जणू ओठ त्यांचं ऐकतच नव्हते. ओल्या कापसाने ओठांच्या फटीत थोडं पाणी पिळू द्यायचे, बस. मी बाजारातून नव्या बेऱ्या मागवते म्हणाले, तर मानेनेच नाही म्हटलं. शगुफ्ता फोनवर हुंदके देत अब्बा एक चमचा, अब्बा माझ्यासाठी एक चमचा असं म्हणत राहिली. त्यांनी फोन उलटा करून गादीवर ठेवला.

मी नमाज पढायचे आणि दुवेत दुसरं काही सुचायचं नाही. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. जानमाजवर बसून बाई आकडा पुटपुटते, अल्लालाही हसू आलं असेल. बन्सीलालने मोठ्या पोत्याचा काटा आमच्या ओट्यावर आणून ठेवला, म्हणजे त्यांना चालायला नको. काटा सत्तेचाळीस झाला. मग सत्तेचाळीसच्याही खाली. बन्सीलाल मान खाली घालून काटा परत घेऊन गेला, नंतर त्याने तो आणला नाही.

अम्मा रोज सकाळी गच्चीच्या दारात सूप घेऊन बसायच्या. सुपात ती बिघडलेली पुडी पालथी केलेली. एकेक लाल दाणा चिमटीत धरायचा आणि हळूच दाबायचा. बेरी दाबली की आतून जरा चिकटते, मिरची दाबली की तिच्यात बी वाजतं. चिकट ते एका बाजूला, वाजतं ते दुसऱ्या बाजूला. मिरचीचे हात डोळ्यांना लागायचे आणि डोळे लाल व्हायचे, की रडून लाल व्हायचे, कोण जाणे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. कुणाला घालणार आहात आता त्या, असं एकदा विचारलं तेवढंच. त्या दाणे दाबत राहिल्या.

सोमवार आला. आदल्या दिवशी मी ट्रंक उघडली होती. मार्केटात इलेक्ट्रिक काटे आले तेव्हा जब्बारनी त्यांची जुनी लोखंडी वजनं घरी आणून ठेवली होती, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. त्यातली किलोची दोन मी काढली. त्यांच्या बंडीला आतून एकेक खिसा शिवला, दोन्ही बाजूंना, काखेच्या खाली. वरून सदरा, वरून स्वेटर. नळीला ते हो म्हणणार नाहीत आणि काटा खाली दिसला तर शेक मिळणार नाही. मग उरलं काय? लोक मिरचीला पाणी मारतात ना, मी नवऱ्याला लोखंड बांधलं. एकदा शेक सुरू झाला की पुढचं पुढे बघू, असं मी स्वतःला सांगत होते. न झेपणारा शेक घेऊन माणूस मशीनखालीच गेला तर, हा विचार आला की मी जोरजोरात टाके घालायचे.

सकाळी बंडी घालताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. निघताना अम्मांनी माझ्या पिशवीत एक डबी टाकली. मी ती बाहेर काढून ठेवणार होते, पण रिक्षा दारात उभी होती.

गाडी नवापूर सोडून गुजरातेत शिरली तरी जब्बार खिडकीला डोकं टेकून बसले होते, दोन्ही कोपर अंगाशी घट्ट धरून. मला वाटलं, थंडी वाजते आहे. मी शाल पांघरली. त्यांनी तीस वर्षं वजनं उचलली, किलो अंगाला लागलेला त्यांना कळणार नाही असं मला कसं वाटलं?

दवाखान्यात नंबर लागला. नर्सने काट्यावर उभं राहायला सांगितलं. जब्बार चढले. लाल आकडे पळाले आणि अठ्ठेचाळीसच्या पुढे जाऊन थांबले. डॉक्टर म्हणाले, वा, छान राखलंत. नर्स आकडा लिहायला वाकली. माझे डोळे भरून आले, कशाने ते माझं मला कळलं नाही.

आणि जब्बारनी हात वर केला. मार्केटात करायचे तसाच. नर्स थांबली, डॉक्टरही थांबले. जब्बारनी स्वेटर वर केला, सदऱ्यात हात घातला, टाके तोडले आणि एक वजन काढून टेबलावर ठेवलं. मग दुसरं. काट्यावरून न उतरता त्यांनी खाली आकड्याकडे पाहिलं आणि तो आम्हा सगळ्यांना दिसावा म्हणून बाजूला झुकले. इतक्या दिवसांत उघडलं नव्हतं ते तोंड त्यांनी उघडलं.

“हाई वजन मन्हं नही शे,” ते म्हणाले.

शब्द फाटके आले, पण मला कळले. डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती, तरी टेबलावरची लोखंडी वजनं बघून त्यांना कळायचं ते कळलं. ते माझ्यावर रागावले. रागवायलाच हवं होतं. यांना आज शेक दिला असता तर काय झालं असतं ठाऊक आहे का, असं त्यांनी हिंदीत विचारलं.  जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मग डॉक्टर म्हणाले की आता शेक नाही, आणि नळी नको असेल तर माझ्या हातात काहीच नाही. तुम्ही घरी जाऊ शकता.

घरी म्हणजे कुठे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

जब्बार काट्यावरून उतरले. स्टुलावर बसले. बराच वेळ ती दोन वजनं बघत राहिले, भावाची आठवण काढत असतील. मग त्यांनी बोट उचललं आणि स्वतःच्या नाकपुडीवर ठेवलं. डॉक्टरांना समजलं नाही. मला समजलं. मी हिंदीत सांगितलं, साहेब, नळी टाका म्हणतात. 

नळी घालताना मी बाहेर उभी होते. आत गेले तेव्हा ती पिवळसर नळी त्यांच्या नाकातून येऊन गालावर चिकटपट्टीने बसवलेली होती, तशीच, फुरकानभाईंची होती तशी. त्यांनी डोळे मिटले होते. मी उघडा डोळे, उघडा, असं म्हणत त्यांचा हात हलवला तेव्हा त्यांनी उघडले. नर्सने समजावलं की घरी करता ते पातळ पदार्थ चालतील, फक्त नीट गाळलेले, आणि हळूहळू सोडायचे. तोंडाला काही लागणार नाही, फोडांना काही होणार नाही. पोटात जाईल, वजन धरलं की शेक पुन्हा सुरू करू.

दुसऱ्या दिवशी शगुफ्ताच्या घरी मी मिक्सर लावला. केळं, दूध, बदाम, खजूर. पिशवीतून अम्मांची डबी काढली. आत लाल बेऱ्या होत्या, एकेक दाबून, एकेक तपासून, फडक्यात बांधलेल्या. शगुफ्ता म्हणाली, अम्मी, त्या टाकून दे, मी नव्या आणते. मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही ते मला सांगता येत नाही. म्हातारीने डोळे फोडून निवडलेलं होतं, एवढंच कळत होतं. भिजवल्या, फिरवल्या, तीनदा गाळल्या, आणि थर्मास घेऊन वॉर्डात गेले.

नर्सने नळीला मोठी सिरिंज लावून दिली आणि ओतायचं कसं ते दाखवून पुढच्या खाटेकडे गेली. मी पेला हातात घेतला आणि माझा हात पुढे जाईना. तोंडात आग पडली तर माणूस थुंकू तरी शकतो. हे थेट पोटात जाणार होतं. एकही लवंगी म्हातारीच्या चिमटीतून सुटली असेल तर? मी पेला नाकाशी नेला. या नाकाचा काय उपयोग?

जब्बार माझ्या तोंडाकडे बघत होते. सवयीने, पूर्वी बघायचे तसे.

“कसं लागस?” त्यांनी विचारलं. “माले तं आते कळावं नही. तू सांग.”

भरदुपार होती. माझा रोजा होता. प्रवासात सूट असते, तरी मी धरलेला. जिभेचं टोक लावून थुंकून टाकता आलं असतं, खाटेखाली भांडंही होतं. पण मिरची जिभेच्या टोकाला फसवते, ती खरी कळते घशात उतरल्यावर. हे नंदुरबारच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. मी पेला तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला. गिळला. थांबले. घसा, छाती, पोट, सगळीकडे वाट बघितली.

“थंड शे,” मी म्हणाले. “गोड शे. मांगून जराखं आंबट. तिखं नही.”

त्यांनी डोळे मिटले. मी सिरिंजमध्ये ओतायला लागले, धार हळूहळू नळीतून उतरताना दिसत होती, लाल-गुलाबी. निम्मं झाल्यावर त्यांनी हात वर केला.  दुखलं का, जळालं का, असं मी विचारलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि बोटाने पेल्याकडे खूण केली, मग माझ्या तोंडाकडे. अजून एक घोट घे. अजून सांग.

रोजा तर गेलेलाच होता. मी दुसरा घोट घेतला, तो तोंडात घोळवला, आणि केळ्याची चव आधी कशी येते आणि बेरीची मागून कशी येते, ते त्यांना सांगायला लागले.